घोड्याची पाठ आणि साहेबांची कंबर

दुसऱ्याचं काम चांगलं दिसलं की माझ्या पोटात दुखतं. आजही दुखतं. वय झालं की माणसाचा हा रोग बरा होतो म्हणतात, माझा काही झाला नाही. पण त्या उन्हाळ्यात दुखलं तसं पुन्हा कधी दुखलं नाही, आणि तेही कशापायी, तर एका मोटरसायकलच्या सीटपायी.

आमचं घराणं खोगीर करणाऱ्यांचं. परभणीत बाजाराच्या तोंडाशी दुकान होतं. निजामाच्या राज्यात जहागीरदारांचे, देशमुखांचे, पोलिसांचे, सगळे घोडे आमच्या दारात येऊन उभे राहायचे. मग पोलीस ॲक्शन झालं, जहागिऱ्या गेल्या आणि घोडेही विकले गेले. बड्या लोकांच्या बुडाखाली जीपगाड्या आल्या. मी तेव्हा पंचविशीचा. नुकता कुठं हात बसला होता आणि कामच संपलं! टांग्यांचे पट्टे शिव, मास्तरांच्या पिशव्या शिव, असले धंदे करत बसायचो. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते दुकानात माझ्याशेजारी बसायचे, मी शिवलेल्या वस्तूवरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "चालंल." इतकंच. जन्मात त्यांच्या तोंडून माझ्या कामाला दुसरा शब्द मी ऐकला नव्हता.

अशात एक दिवस सलोत्रीसाहेब आले. गुरांच्या डॉक्टरला आमच्याकडं जुने लोक सलोत्रीच म्हणत. साहेब पुण्याकडचे, अंगानं सडपातळ, स्वभावानं गरीब. त्यांच्याकडं लढाईनंतर लिलावात निघालेली एक मोटरसायकल होती. तिची सीट म्हणजे लोखंडी पत्र्यावर ताणलेलं वाळकं कातडं आणि खाली दोन स्प्रिंगा, त्यातली एक मेलेली. साहेब दुकानाच्या पायरीवर टेकले आणि लगेच "आई गं" करत एका कुशीवर झाले.

म्हणाले, "मिस्तरी, गंगाखेडला जाऊन आलो की पाटावर बसून जेवता येत नाही मला. मृग लागायच्या आत त्या बाजूच्या सगळ्या गावांतल्या मेंढरांना लस टोचायचीय. आणि हे असंच राहिलं, तर मी सरळ बदलीचा अर्ज टाकतो आणि खुर्चीवरची नोकरी मागतो. काही करता येईल का?"

"येईल की साहेब! न येऊन जातंय कुठं?"

"जमलं तर बघा, जिल्ह्यात जेवढ्या मोटरसायकली आहेत तेवढ्या तुमच्या दारात आणून उभ्या करतो."

आता मला सांगा, माणसाला आणखी काय पाहिजे? घोडे गेले तर गेले, हे लोखंडी घोडे येतील! जमलं तर दुकान राहणार होतं. नाही जमलं तर सेलूला जाऊन जिनिंगमध्ये कापसाची ओझी ओढायची, हे आमच्या घरात ठरल्यातच जमा होतं. मावसभावानं तिथं शब्दही टाकून ठेवला होता.

आठ दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. अण्णा घोड्याचं माप जसं दोरीनं घ्यायचे, तसं मी त्या गाडीचं घेतलं. टाकीमागं जो लोखंडी कणा होता, त्यावर भार येऊ नये म्हणून मधोमध पोकळी ठेवली. दोन्ही अंगांना बकरीच्या केसांच्या जाड गाद्या भरल्या, खाली नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा मऊ थर, लावला. वरून म्हशीचं कमावलेलं कातडं असं ताणून बसवलं, की टिचकी मारली तर हलगी वाजावी. कडेनं दुहेरी टाका घातला आणि तेल लावून चकाकी आणली. बाजारात येणारे-जाणारे थांबून बघायचे. मी मान खाली घालून काम करायचो, पण कान त्यांच्याकडंच.

अण्णांनी बोटं फिरवली. वरच्या कातड्यावर अंगठा दाबला, जरा थांबले आणि म्हणाले, "चालंल."

मी मनात म्हटलं, साहेब येऊन सांगतील तुम्हाला, चालंल का पळंल ते.

सीट गाडीवर बसवून साहेब गेले, ते चौथ्या दिवशी आले. लांबूनच फटफट ऐकू आली आणि मी धोतर झटकून दारात उभा राहिलो. गाडी थांबली. बघतो तर माझी सीट कुठं दिसेचना. तिच्यावर एक काळंकुट्ट, ओबडधोबड गाठोडं बांधलेलं. जुन्या घोंगडीचं. सुतळीनं कसंबसं शिवलेलं. वाऱ्यासरशी मेंढरांचा वास नाकात शिरला.

"हे काय साहेब?"

साहेब बिचारे लाजले. "तुमची सीट दिसायला नवरीसारखी आहे हो मिस्तरी. पण बसायला... रागावू नका, जुनी बरी होती. पोखर्णीच्या अलीकडं एक मेंढरंवाला आहे, धनगर. त्यानं माझे हाल बघितले आणि हे करून दिलं. तुम्हाला सांगतो, परवा पहिल्यांदा मला त्या रस्त्याच्या कडेची शेतं दिसली. एरवी डोळ्यांत पाणीच असायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, माझ्या कातड्यावर, माझ्या तेल लावलेल्या कातड्यावर मेंढरांचं घोंगडं! आणि वर साहेब म्हणतात, माझी सीट त्याखाली कशाला भार म्हणून ठेवायची, काढूनच घ्या. मी काढून घेतली. घरात खुंटीला टांगली. येता-जाता ती दिसायची आणि प्रत्येक खेपेला माझं डोकं फिरायचं.

पुढं पंधरा दिवसांत काय झालं असेल? रस्त्याच्या ओव्हरसिअरनं त्या धनगराकडून एक गादी करून घेतली. माझ्या दुकानावरूनच तो फटफट करत गेला आणि वर हसून हात केला मेल्यानं! तो धनगर कुणाकडून काही घेत नाही, नुसतं "न्ह्या की" म्हणतो, हे कळल्यावर तर माझा जळफळाट आणखीच वाढला. घेतलं असतं तर निदान लोभी म्हणता आलं असतं.

मग मी काय केलं ते सांगतो. लपवण्यासारखं आता काय राहिलंय? चहाच्या हाटेलात बसून मी हळूच सोडून दिलं की लोकर भयंकर उष्ण, तिच्यावर रोज बसलं की मूळव्याध होतो. एकानं विचारलं, "खरं का हो?" मी म्हटलं, "आमच्या कातड्याच्या धंद्यात सगळ्यांना माहीत हाय. उगं कुणाचं वाईट कशाला बोलावं!" आठ दिवसांत ओव्हरसिअरची गादी गायब झाली. मला असा काही आनंद झाला म्हणता! पण सलोत्रीसाहेब डॉक्टर माणूस. ते नुसते हसले आणि मला म्हणाले, "चला मिस्तरी, एकदा तुम्ही स्वतःच बघा त्याचं काम. बसा मागं."

मागं बसायला सीट नव्हतीच. लोखंडी कॅरिअर होतं. त्यावर मी बसलो आणि परभणीतून निघालो.

देवा रे! शीव ओलांडली नाही तोच माझ्या माकडहाडानं बोंब ठोकली. रस्ता म्हणजे नुसती खडी आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. प्रत्येक खड्ड्याला मी वर उडायचो आणि खाली येताना कॅरिअरची एक सळई नेमकी त्याच जागी भेटायची. साहेब पुढं लोकरीवर मजेत, गुणगुणायलेत! आणि तिथं, त्या सळईवर, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या घराण्यात लग्नाची वरात सोडली तर घोड्यावर कुणी बसलंच नव्हतं. खोगिराची सगळी कारागिरी आम्ही शिकलो ती घोड्याच्या पाठीसाठी. मालकाचं बूड दुखलं तर मालक तोंडातून ब्र काढत नसे, त्याच्या रुबाबाला ते शोभत नव्हतं. पण घोड्याच्या पाठीला जखम झाली की आम्हाला बोलावणं यायचं आणि अशा शिव्या मिळायच्या की विचारू नका. म्हणून आमच्या हाताला एकच कळत होतं, खालची बाजू मऊ. गाडीच्या त्या लोखंडी कण्याला इजा होऊ नये म्हणून मी नमदा लावला होता हो, नमदा! आणि साहेबांना बसवलं होतं हलगीवर.

चूक कळली म्हणून राग गेला असं समजू नका. उलट वाढला. जे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नाही ते त्याला कसं सुचलं?

धनगर माझ्याच वयाचा निघाला. बाभळीखाली काट्याकुट्यांचा मेंढवाडा, दीडेकशे मेंढरं, बाजूला बायको चातीवर लोकर कातत बसलेली. मला बघून तो उठून पुढंच आला.

"या मिस्तरी, या! तुमची सीट बगितली म्या सायबाच्या गाडीवर. काय टाका हाय हो! म्या बायकोला मनलं, ह्या माणसाला एकदा भेटाया पायजे."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यानं दूध दिलं. मला खाली बसवेना, मी उभ्यानंच प्यालो. त्याच्या ते लक्षात आलं आणि हसू दाबत त्यानं बायकोला घोंगडी चौघडी करून आणायला सांगितली. साहेब मेंढरांकडं गेले, तसं मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय? आमी मेंढराची खूर बगून वळखतो, कोणतं लंगडायलंय, कोणतं गाभण हाय. भार कुठं पडतो ते मातीत उमटतंय. म्या हितं मऊ मातीवर पाणी शिपडलं आन सायबाला मनलं, बसा. बसले. उटल्यावर बगितलं, दोनच जागी खोल खड्डं पडल्यालं. बाकी सगळं वरच्यावर. मंग त्या दोन जागंला लोकर सैल सोडली आन भवतीनं दाबून भरली. म्होरं निमुळतं केलं, मांड्या घासू नयेत मनून. एवढंच."

एवढंच! मला वाटलं, आपलं डोकं त्या मातीवर आपटावं. इतकं सोपं, इतकं बरोबर आणि माझं नव्हे. मातीत उमटलेलं साहेबांचं बूड बघून शहाणा झालेला माणूस माझ्यासमोर उकिडवा बसून विडी ओढत होता आणि त्याला आपण काही मोठं केलं असं वाटतही नव्हतं.

"पण तू कशाला पडलास ह्यात?" मी विचारलं. "तुझा काय फायदा?"

त्यानं मेंढरांकडं हात केला. "गेल्या साली सायेब आलेच न्हाईत. कंबर धरली व्हती त्यांची. पावसाळ्यात माजी निम्मी मेंढरं पाय ताणून पडली बगा. सकाळी वाड्यात यावं आन मोजावं वाटू नये. आवंदा मनलं, सायबाचं बूड सांबाळलं तर माजा कळप सांबाळंल." आणि तो हसला. मग जरा संकोचून म्हणाला, "एक इचारू का? माज्या गादीचा टाका लय उसवायलाय. दर आठ दिसाला शिवावं लागतंय. तुमचा टाका दावा की मला. मंग सीट पावसाळाभर टिकंल, आन सायेब समद्या गावाला जातील."

काय सांगू, त्या क्षणी मला कसं वाटलं! त्याच्याकडं सगळं होतं आणि माझ्याकडं फक्त एक टाका उरला होता, तोही तो मागत होता. सरळ नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. मी होय म्हणालो. पिशवीतून आरी काढली, कातड्याची पट्टी दिली आणि दोन सुयांचा टाका दाखवला. दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून ओवायच्या. तो डोळे विस्फारून बघत होता. पण दोऱ्याला मेण घासायचं असतं, हे मी सांगितलं नाही. आणि त्यानं विचारलं, भोकं किती अंतरावर पाडू, तेव्हा मी म्हणालो, "जितकी जवळ पाडशील तितकं मजबूत."

जवळजवळ भोकं पाडली की कातडं त्या ओळीवर कागदासारखं फाटतं. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असायचं.

त्यानं माझ्या पायाला हात लावला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. परत येताना कॅरिअरवर बसूनसुद्धा मी खुशीत होतो.

मृग आठ-दहा दिवसांवर आला असेल, तेव्हा साहेब दुकानापुढं उतरले. चेहरा उतरलेला. गाडीवर नुसता पत्रा. म्हणाले, त्या धनगरानं मोठ्या हौसेनं कातड्याची कड लावून नवी गादी शिवली होती, ती ओढ्यात गाडी आदळली तशी एका कडेनं टरकन फाटली, लोकर पाण्यात वाहून गेली आणि पुढचा सगळा रस्ता त्यांनी पत्र्यावर काढला.

"झालं मिस्तरी. अर्ज लिहून खिशात ठेवलाय. सोमवारी पाठवतो. अर्धी गावं टोचायची राहिली, त्याला आता मी तरी काय करू?"

ते गेले आणि मी तिथंच आरी हातात धरून बसलो. साहेब गेले की दुकानही गेलं, एवढा साधा हिशोब माझ्या लक्षात आला नव्हता. त्या माणसाची फजिती करायच्या नादात मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. आणि मेंढरांचं काय, हे मी मनात येऊच देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. चालत. खांद्यावर लोकरीचं बोचकं, हातात ती फाटकी कातड्याची कड. मला वाटलं, आला आता दुकान डोक्यावर घ्यायला. मी कमरेत ताठ झालो. पण त्यानं पायरीवर डोकं टेकवलं, अण्णांना "राम राम बाबा" केलं आणि मला म्हणाला, "मिस्तरी, माजी बोटं जाड हायत. तुमी दावलेलं मला जमंना बगा. सोमवारच्या आत एकदा पुन्ना दावा. न्हाई तर सायेब चालले आन माजी मेंढरं गेली."

मी काही बोलायच्या आत अण्णांनी हात पुढं केला. "बगू."

त्यानं ती कड त्यांच्या हातात दिली. अण्णांची बोटं फाटलेल्या ओळीवरून सावकाश गेली. एक भोक, दुसरं भोक, तिसरं. दोरा नखावर घासून बघितला, नाकाला लावला. पुन्हा भोकांवर आली. मला ती बोटं माझ्या अंगावरून फिरायलीत असं वाटत होतं.

"हे असं कोणी शिकवलं तुला?" अण्णांनी विचारलं.

"मिस्तरीनं की. आन कोण शिकवतंय आमाला? पर माजंच कायतरी चुकलं."

अण्णांनी माझ्याकडं तोंड फिरवलं. त्यांना दिसत नव्हतं, तरी मी मान खाली घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं. चार माणसांत दोन मुस्कटात मारल्या असत्या तरी चाललं असतं.

ते म्हणाले, "तू ऊठ. त्याला बसू दे."

मी उठलो. लहानपणापासून ज्या पाटावर मी अण्णांच्या शेजारी बसत आलो, त्यावर तो धनगर अंग चोरत बसला. "न्हाई बाबा, म्या खाली बसतो की," असं दोनदा म्हणाला. अण्णांनी त्याचा दंड धरून बसवला. त्याची बोटं आपल्या हातात घेऊन त्यांनी दोरा मेणावर ओढायला शिकवला. भोकांमधलं अंतर त्याच्या करंगळीच्या नखानं मोजून दिलं. लोकर कुठं सैल सोडायची ते अण्णा त्याला विचारत होते आणि तो सांगत होता. खुंटीवरची माझी सीट अण्णांनीच काढायला लावली, तिचं वरचं कातडं उसवलं आणि खालचा नमदा वर घेतला. दुपार कलेपर्यंत दोघांचं चाललं होतं. मी दारात.

त्या दिवशी झालेली सीट साहेबांनी पुढं कितीतरी वर्षं वापरली. अर्ज त्यांनी माझ्यासमोरच फाडला. मेंढरांना लस मिळाली, मोटरसायकली दारात आल्या, दुकान राहिलं, मी सेलूला गेलो नाही. हे सगळं खरं.

पण त्या दिवशी शेवटचा टाका घालून झाल्यावर धनगरानं कड दोन्ही हातांनी ओढून बघितली, ती हलली नाही, आणि तो लहान पोरासारखा हसला. अण्णांनी सीटवरून हात फिरवला. मला वाटलं, आता म्हणतील, चालंल.

अण्णा म्हणाले, "ह्याला काम म्हणतेत."

तो गडबडून माझ्याकडं बघत म्हणाला, "आवो बाबा, मिस्तरीनं त्या दिशी असंच दावलं व्हतं. मेण लाव मनले व्हते, भोकं लांब पाड मनले व्हते. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

अण्णांना सगळं ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, हे मला त्या वेळी त्याच्या डोळ्यांत दिसलं. दुकानात बसायला भरपूर जागा होती, पण मी दारातच उभा राहिलो.